फायरवॉलच्या पुढे

सप्टेंबर 1998. उत्तर फ्लोरिडातल्या एका गॅरेजच्या दारात तुम्ही उभे आहात. सकाळचे सातच वाजलेत, तरी शर्ट पाठीला चिकटलाय. आत मोटार नाही, विमान आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, बिनरंगाचं, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढं आरव्ही-6. पंख भिंतीला टेकवून उभे केलेत. आणि विमानाला नाक नाही. वैमानिकाचे पाय जिथे संपतात तिथे स्टेनलेस स्टीलचा एक पातळ, सपाट पत्रा आहे. त्याला फायरवॉल म्हणतात. पुढे इंजिनाने पेट घेतलाच, तर आग काही वेळ तरी माणसापासून दूर ठेवण्यासाठी तो आहे.

या पत्र्याच्या मागचं सगळं काम नकाशावरून झालंय. पंखाची कुठली पट्टी कुठे, रिव्हेट किती अंतरावर, सगळं कारखान्याने आखून दिलेलं. पुढे लायकॉमिंग कंपनीचं विमान-इंजिन बसवायचं असतं, तर त्याचाही नकाशा मिळाला असता, तयार मांडणी मिळाली असती, आणि विमान बांधणारा गॅरेजचा मालक एव्हाना आकाशात असता. पण त्याच्या कामाच्या टेबलावर लायकॉमिंग नाही. भंगारवाल्याच्या आवारातून आणलेल्या माझदा आरएक्स-7 मोटारीचं 13बी इंजिन आहे. त्याचा नकाशा कोणाकडेच नाही.

‘‘हात धू नकोस, घाण होणारच आहेत,’’ तो म्हणतो आणि तुम्हाला जवळ बोलावतो.

इंजिन उघडलेलं आहे. जेवणाच्या डब्याचे कप्पे एकावर एक बसावेत तसे त्याचे थर आहेत: एक बिडाची जाड चकती, मग ॲल्युमिनियमचं पोकळ कडं, पुन्हा बीड, पुन्हा कडं, पुन्हा बीड. सगळ्यांना आरपार घट्ट आवळणारे लांबलचक बोल्ट बाजूला कापडावर ओळीने मांडलेत. कड्याची आतली पोकळी लांबट, मधोमध कमरेशी किंचित आवळलेली. त्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो, तो रोटर. पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, कॅमशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह नाही. दोन रोटर आणि त्यांच्यातून जाणारा एक शाफ्ट, एवढेच मुख्य हलणारे भाग. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एक धक्का देतो.

रोटरच्या टोकातून तो एक बारीक पट्टी काढून तुमच्या तळहातावर ठेवतो. दोन मिलिमीटर जाड. हे एपेक्स सील. तिन्ही टोकांना अशी पट्टी असते आणि ती कड्याच्या भिंतीला सतत घासत राहते. एका बाजूचा पेटलेला वायू दुसऱ्या बाजूला जाऊ न देणं, हे तिचं काम. या पट्टीसाठी माणसांनी आयुष्यं घातली आहेत. ती हातात ठेवूनच जरा मागे चला.

1 फेब्रुवारी 1957, जर्मनीतलं नेकार्सउल्म. एनएसयू कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स वांकेलचं पहिलं इंजिन स्वतःच्या बळावर फिरतंय. या माणसाबद्दल आदर आणि अस्वस्थता दोन्ही मनात ठेवूनच त्या खोलीत उभं राहावं लागतं. तो नाझी पक्षात होता, आणि युद्धाच्या काळात जर्मन हवाई मंत्रालयासाठी काम करत होता. विमानाच्या इंजिनांतल्या फिरत्या व्हॉल्व्हमधून वायू निसटू नये म्हणून लागणाऱ्या सीलवरच त्याचा हात बसलेला. म्हणजे मोटारीचं समजल्या जाणाऱ्या या इंजिनातलं सीलचं कसब काही अंशी विमानाच्या एका अडचणीवर घडलेलं आहे. त्या पहिल्या नमुन्यात रोटर आणि त्याभोवतीचं कवच दोन्ही फिरतात. स्पार्क प्लग बदलायचा तरी सगळं खोलावं लागतं. लवकरच हान्स डीटर पाश्के हा एनएसयूचा इंजिनिअर कवच स्थिर करतो. वांकेलला ते रुचत नाही. तरीही जग पाश्केच्याच वाटेने गेलं.

आता हिरोशिमा, 1960 च्या दशकाची सुरुवात. टोयो कोग्यो, म्हणजे पुढची माझदा. केनिची यामामोटो आणि त्यांचे तरुण इंजिनिअर (गट सत्तेचाळीस जणांचा, म्हणून जपानी दंतकथेतल्या सत्तेचाळीस रोनिनांचं नाव त्यांना चिकटलंय) एका उघडलेल्या कड्याभोवती जमलेत. आतल्या क्रोमच्या चकचकीत भिंतीवर आडव्या रेघांची रांग उमटलीय. सील थरथरते आणि भिंत खरवडते. त्या खुणांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणतात. नवं मिश्रण, नवी जाडी, पुन्हा चाचणी, पुन्हा ओरखडे. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सील टिकते आणि मे 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची मोटार विक्रीला येते. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कर्टिस-राइट कंपनीचं वांकेल इंजिन लॉकहीडच्या क्यू-स्टार नावाच्या प्रायोगिक विमानात उडालंसुद्धा. मग 1973 चं तेलसंकट आलं, आणि जास्त इंधन पिणाऱ्या या इंजिनाकडे मोठ्या कंपन्यांनी एकेक करून पाठ फिरवली. माझदाने फिरवली नाही. म्हणूनच 1998 मध्ये अमेरिकेतल्या भंगाराच्या आवारांत पडक्या आरएक्स-7 सापडतात, आणि म्हणूनच तुम्ही या गॅरेजात आहात.

परत टेबलापाशी या.

‘‘हेच इंजिन का?’’ असं तुम्ही विचारता. तो स्पार्क प्लगच्या भोकांकडे बोट दाखवतो. प्रत्येक रोटरला दोन प्लग, मोटारीतच तसे. विमानाला एक बंद पडली तर दुसरी ठिणगी लागतेच. पण त्याचं खरं कारण वेगळं आहे. पिस्टनच्या इंजिनात व्हॉल्व्ह तुटला किंवा रॉड सुटला तर इंजिन स्वतःलाच फोडतं. इथे तुटायला ते भागच नाहीत. सील मोडली, इंजिन तापलं, पाणी गेलं, तरी हे बहुधा ताकद गमावत, धापा टाकत फिरत राहतं. एक इंजिन असलेल्या विमानात ती जास्तीची काही मिनिटं म्हणजे खाली झाडं असणं आणि खाली शेत असणं यातला फरक. त्याचा हा विश्वास मला पटतो. अडचण अशी की विमान पाडायला इंजिनच बिघडावं लागतं असं नाही.

पहिली अडचण हिशेबाची. हे इंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या आसपास ताकद देतं. सुमारे 1.8 मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट त्या वेगाने फिरवला, तर पात्यांची टोकं सेकंदाला 565 मीटरने जातील, ध्वनीच्या वेगापेक्षा कितीतरी पुढे. बरीच ताकद वाया जाईल. प्रोपेलरला मिनिटाला 2,700 च्या आतच ठेवलं पाहिजे. म्हणून मध्ये गिअरबॉक्स. त्याच्याकडचा गिअरबॉक्स फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ग्रहचक्री गिअरसंच वापरून बनवलेला आहे, प्रमाण 2.17 ला 1. इंजिन 5,800 वर असेल तेव्हा प्रोपेलर 2,670 च्या जवळपास.

गिअरबॉक्सचं झाकण तुमच्याकडे देऊन तो आतलं मोठं बेअरिंग दाखवतो. पूर्ण जोरात प्रोपेलर विमानाला दोनशे किलोंहून जास्त बळाने पुढे ओढतो. मोटारीच्या इंजिनाने अशी ओढ कधी सोसलेलीच नसते. शाफ्टला पुढे-मागे धरणारं त्याचं बेअरिंग क्लच दाबण्यापुरतं. म्हणून ती सगळी ओढ या पेटीतल्या बेअरिंगने घ्यायची आणि इंजिनापर्यंत पोहोचू द्यायची नाही. शिवाय इंजिन शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन धक्के देतं, तर समोर जड प्रोपेलर एका लयीत फिरू पाहतो. त्या दोघांच्या मधला शाफ्ट पीळ खातो आणि सोडतो. पीळ खाण्याची त्याची स्वतःची लय आणि धक्क्यांची लय जुळली, तर गिअरचे दात गळतात. त्यासाठी मध्ये रबरी जोड घालून ती जुळणी इंजिनाच्या वापरातल्या वेगाच्या खाली ढकलायची. घरी बांधलेल्या अनेक गिअरबॉक्सांनी याच जागी जीव सोडलाय. ज्यांनी हे गणित न मांडता नुसते गिअर जोडले, त्यांच्या धाडसाचं मला कौतुक वाटत नाही.

दुपारी मुख्य काम. इंजिन विमानाला धरायचं कशाने?

लायकॉमिंगला पाठीमागे चार कान असतात, त्यांत बोल्ट घालायचे. 13बी मोटारीत तळाशी आणि बाजूला आधार घेऊन बसायला घडलेलं आहे. समोरून ओढलं जाण्यासाठी नाही. त्याने ॲल्युमिनियमची एक जाड पाटी कापून इंजिनाखाली बसवलीय. तिच्यापासून फायरवॉलच्या कोपऱ्यांपर्यंत 4130 क्रोम-मॉली पोलादाच्या नळ्या जातात. नळ्यांची मांडणी बघा, कुठेही चौकोन नाही. प्रत्येक जागी त्रिकोण, कारण चौकोन कलतो आणि त्रिकोण कलत नाही. नळी वाकवलेली नाही, टोकं एकमेकांत बसतील अशी कानशीने घासलीत. तुम्ही एका सांध्यापाशी कागद सरकवून पाहता. जात नाही. मगच वेल्डिंग.

‘‘वजन किती धरलंस?’’ तो विचारतो. गिअरबॉक्ससकट दीडशे किलो, तुम्ही सांगता. ‘‘जमिनीवर. हवेत 6 जी खेचले तर?’’ नऊशे. आणि ते फक्त खालच्या दिशेने. विमान झटकन वळलं तर फिरणारा प्रोपेलर नाक दुसऱ्याच दिशेला मुरडू पाहतो. भोवऱ्याचा हा गुण शाळेत शिकलेला असतो, पण इथे तो चार बोल्टांवर येतो. कच्च्या जमिनीवर उतरताना बसणारा हादरा निराळा. हे सगळं एकाच वेळी येऊ शकतं, असं धरून नळीची जाडी ठरवायची.

नळ्या आणि पाटी यांच्यामध्ये रबर येतं. रबर ताणात घालायचं नाही, दाबातच घालायचं. आणि रबर फाटलं तरी बोल्टाचं डोकं आरपार निघू नये म्हणून भोकापेक्षा मोठा वॉशर. हा वॉशर रोज काहीच करत नाही. ज्या दिवशी करेल त्या दिवशी दीडशे किलोंचं इंजिन विमानालाच लटकलेलं राहील. नाहीतर पुढचं वजन गेलेलं विमान शेपटीवर बसेल आणि कोणालाही सावरता येणार नाही. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेली वस्तू हीच.

इंजिन फायरवॉलपासून किती पुढे? याचं उत्तर वजनकाटे देतात. तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे, विमान उड्डाणाच्या स्थितीत सरळ करायचं, आकडे मांडायचे, तोल ठरलेल्या मर्यादेत येतो का पाहायचं. रेडिएटर, पाणी, तेल, बॅटऱ्या यांची जागा हललेली असते, म्हणून लायकॉमिंगसाठीचा हिशेब इथे चालत नाही. तो हे आधी फळ्या आणि वाळूच्या पिशव्यांवर करून बघतो, मग पोलाद कापतो.

ऑक्टोबर संपत आलाय. आता उष्णता. तिने या छंदातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला रडवलंय.

या इंजिनात उष्णता दोन वाटांनी काढावी लागते: कवचातली पाण्याने, रोटरमधली तेलाने. पाणी आणि तेल मिळून जी उष्णता वाहून नेतात, तिच्यात तेलाचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश. मोटारवाल्यांना हे ठाऊक नसतं आणि ते तेलाचा रेडिएटर लहान बसवतात. पाण्यासाठी त्याने मोटारीच्या एअर कंडिशनरमधल्या दोन जाळ्या घेतल्यात, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या तोंडांमागे. पण नुसती जाळी ठेवून भागत नाही. वेगाने आलेली हवा जाळीवर आपटली की बाजूने निसटते. तोंड लहान, मग वाट हळूहळू रुंद होत जाणारी, म्हणजे हवा मंदावते, दाब वाढतो आणि ती जाळीतून जायला राजी होते. क्यूखमन आणि वेबर यांचं 1953 चं विमानाच्या इंजिनांमधल्या वायुप्रवाहावरचं पुस्तक टेबलावर उघडं आहे, पानांवर तेलाची बोटं. तुम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून वाट घडवता, त्यावर फायबरग्लास थापता. सगळ्यात वाईट वेळ चढताना: ताकद पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वांत थोडा. तेल 100 अंश सेल्सिअसच्या आत राहिलं पाहिजे. पाणी फार तापलं की थरांमधली रबरी सील खराब होते, पाणी आत झिरपतं, आणि इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

धूर बाहेर जाण्याचं आणि हवा आत येण्याचं दार इथे एकाच बाजूला आहे. धूर 900 अंशांच्या वर. वाटेत व्हॉल्व्हही नाही, त्यामुळे तो तसाच तापलेला बाहेर पडतो. साध्या लोखंडाचा मफलर फुटून त्याचे तुकडे मागे पडतात. त्याने आता जाड स्टेनलेसचा बनवलाय, आणि त्याच्या व इंधनाच्या नळीच्या मध्ये पत्र्याचा आडोसा. आडोसा एका बोटाने हलतो असं तुम्ही दाखवता. तो काहीही न बोलता दुसरा क्लॅम्प शोधायला जातो.

तारांना दोन आठवडे लागतात. लायकॉमिंगमध्ये मॅग्नेटो असतो, ठिणगी स्वतःच बनवतो. बॅटरी मेली तरी ते चालतं. माझदाचं इंधन इलेक्ट्रॉनिक, ठिणगी इलेक्ट्रॉनिक, पंप विजेचा. वीज गेली की सगळं एका क्षणात गेलं. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पंप, दोन नियंत्रक, आणि एका फ्यूजवर कधीही दोन्ही पंप नाहीत. एका तारेचा जाड काळा जोड तुम्ही ओढून बघता, तो निघून हातात येतो. त्याने पुन्हा केलेला जोड तुम्ही पुन्हा ओढता. मोटारीत सीलला वंगण द्यायला इंजिनातलं तेल थोडं थोडं आत सोडणारा पंप असतो. त्याने तो काढलाय आणि त्याऐवजी इंधनातच दोन-स्ट्रोकचं तेल मिसळतो, 128 भागांना एक भाग. एक पंप कमी, बिघडायची एक जागा कमी.

जानेवारी 1999. शेपूट दोरखंडाने ट्रकला बांधलीय. तुम्ही अग्निशामक हातात घेऊन बाजूला. स्टार्टर कुरकुरतो, दुसऱ्यांदा, आणि मग धडाड आवाजाने इंजिन घेतं. त्याला फडफड नाही. एकसंध गुरगुर आहे, वेग वाढला की ती किंकाळीकडे जाते. छातीत बसणारा आवाज. शेजारच्या घराची खिडकी उघडते. कमी फेऱ्यांवर गिअर कडकडतात. तो आयडल थोडा वर चढवतो आणि कडकड थांबते. तीस मिनिटं. मग सगळं उघडून एकेक क्लॅम्प आवळायचा. तिसऱ्या क्लॅम्पाखाली हिरवं पाणी आहे, एक थेंब. हवेत तो धार झाला असता.

पहिल्या उड्डाणात तुम्हाला बसता येत नाही. अमेरिकेचा तेव्हाचा नियम: विमान-इंजिन म्हणून प्रमाणित नसलेलं इंजिन असेल तर पहिले 40 तास ठरलेल्या क्षेत्रात, प्रवासी न घेता. नियम शहाणा होता. 2012 मध्ये तिथल्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला तेव्हा हेच दिसलं: अपघातांत इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं ही मुख्य कारणं, आणि बांधणाऱ्याच्या किंवा नव्या मालकाच्या सुरुवातीच्या उड्डाणांत धोका जास्त. तेव्हा तुम्ही धावपट्टीच्या कडेला हातात रेडिओ घेऊन उभे आहात आणि तो वरून आकडे वाचतोय. तेल 88. पाणी 91. तेल 95, चढ थांबवतो. तेल 90. तुम्ही वहीत लिहिता. अकरा मिनिटांनी तो उतरतो, आणि बाहेर न पडता आधी फायरवॉलच्या खालून तेल गळतंय का, ते विचारतो. गळत नाही.

क्षणभर दहा वर्षं पुढे चला: मार्च 2009, कर्नाटकातलं कोलार. वैमानिक नसलेलं निशांत हे लष्करी विमान प्रक्षेपकावरून सुटतंय, आणि त्याला ढकलतंय भारतात घडलेलं 55 अश्वशक्तीचं वांकेल इंजिन. बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई आणि अहमदनगरची, आजच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई या संस्थांनी मिळून ते घडवलंय. तिथेही प्रश्न तेच आहेत: आतल्या भिंतीवरचा लेप (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा), ठिणगी, इंधन, थंडावा.  निशांत पॅराशूटने उतरतं. त्यात कोणी बसलेलं नसतं. फ्लोरिडातल्या विमानात बसलेलं असतं.

40 तास झालेत. आता उजवी सीट तुमची आहे. समोर पाटी आहे: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांसाठीच्या संघराज्याच्या सुरक्षा नियमांना धरून नाही. आत चढायच्या जागेपाशी मोठ्या अक्षरांत एक्सपेरिमेंटल. कायद्याने या वर्गाला परवानगी दिलीय ती शिक्षण आणि विरंगुळा यांसाठी, आणि अर्ध्याहून अधिक बांधणी हौशी माणसानेच करायची अट घालून. तो उड्डाण घेतो. प्रोपेलर एकसारखा ओढतो, थरथर फार थोडी, खाली पाइनचं जंगल सरकतंय. तुमचं लक्ष जंगलाकडे नाही. तुम्ही तेलाचा काटा बघताय, आणि त्या मोठ्या वॉशरचा विचार करताय.

ज्याला लवकर आणि निर्धोक उडायचंय त्याने लायकॉमिंगच घ्यावं. मी स्वतः माझ्या घरच्यांना घेऊन जायचं असेल तर तेच घेईन. ज्याला इंजिन, गिअर, उष्णता आणि वीज यांचं खरं नातं हाताने शिकायचंय, त्याच्यासाठी यापेक्षा मोठी शाळा मला माहीत नाही, पण फी वर्षांत द्यावी लागते. आणि कोणी तुम्हाला अशा विमानातून फेरीला बोलावलं, तर इंजिन कुठल्या मोटारीचं आहे ते विचारू नका. दोन्ही पंप एका फ्यूजवर आहेत का, चढताना तेल किती तापतं, नळ्यांचे सांधे शेवटचे कधी तपासले आणि चाचणीचे तास खरोखर उडवले का, हे विचारा. उत्तरं आकड्यांत आली तरच बसा.